रेइयोची ओळ

बंदरावरच्या खोलीत आम्ही तिघं, बाहेर उणे सव्वीस,
आणि टेबलावर बांधायच्या दोन तऱ्हा.

तूलिक्कीची जुनी: एक मेकफाइल, साठ ओळी,
टॅबच्या जागी स्पेस पडली की रुसून बसणारी.

एमेलीची परवाची, चकचकीत:
एक आज्ञा दिली की लागेल ते स्वतःच ओढून आणते.
आम्ही एकच लायब्ररी मागितली होती,
तारखा नीट लावणारी, एवढंच.
ती आली सतराशे साठ नातेवाईक घेऊन.
त्यातल्या एकाचं काम म्हणे
आकडा सम की विषम ते सांगायचं.

आमचं काम बर्फाची जाडी.
गोठलेल्या समुद्रात रोवलेले अकरा खांब तासातासाला आकडे धाडतात,
आमचा प्रोग्राम बेटाचा रस्ता हिरवा करतो किंवा लाल.
हिरव्यावर दुधाचा ट्रक जातो, शाळेची बस जाते,
आणि सोमवार-गुरुवार-शनिवार
डायलिसिसला निघालेला उरपो.

एमेली म्हणाला, हिला एकोणीस मिनिटं लागतात,
माझीला अडतीस सेकंद.
तूलिक्की म्हणाली, एकोणीस मिनिटांत माझा मोज्याचा घोटा होतो.
खरंच होतो. ह्या हिवाळ्यात चार जोड झाले.
मला दोघांचंही पटलं,
हा माझा जुना रोग.

मंगळवारी केबल तुटली.
एमेलीची तऱ्हा दारातच अडून राहिली:
हे मिळेना, ते मिळेना, पुन्हा बघू का?
तूलिक्कीची धापा टाकत चालली,
एकोणीस मिनिटं,
आणि रस्ता वेळेवर लाल झाला.
मी मनात म्हटलं, लागला निकाल.

तूलिक्कीनं सुया खाली ठेवल्या.
"तेविसावी ओळ वाच."
दोन सेकंद थांब.
शेजारी शेरा: काढू नका. रेइयो, ९८.
"का पण?"
"ठाऊक नाही. तो होता तेव्हा विचारायचं सुचलं नाही,
आता तो नाही.
आणि मे महिन्यात मीही इथं नाही.
तुझीच घेऊ, पोरा.
फक्त ते नातेवाईक आपल्याच कपाटात आणून ठेव,
नेट असो, नसो.
आणि त्या सम-विषमवाल्याला हाकल.
तेवढं आपण हातानं करू."

केबल जोडली गेल्यावर दोन रात्री बसून एमेलीनं चौदाशे हाकलले.
उरलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली,
हजेरी घेतात तशी.
काही नावांना आम्ही हसलो,
काहींचं काम काय ते शोधताना पहाट झाली.

शनिवारी रस्ता हिरवा.
उरपोची गाडी काठाशी थांबली,
त्यानं काच खाली केली, थोडं ऐकलं,
मग बर्फावर उतरला.

मी नवी तऱ्हा चालवली, घड्याळ लावून.
"चाळीस. अडतीस म्हणाला होतास ना?"
एमेलीनं मान वर केली नाही.
"तेविसावी ओळ," म्हणाला.
"का, ते मलाही ठाऊक नाही."