तव्याचं गाणं

काकूचं मूळ नाव नीलव्वा.
आमच्या घरात आली तेव्हा त्यातला 'व्वा'
उंबऱ्याबाहेरच राहिला, नीला तेवढी आत आली.
माहेर बैलहोंगलकडं, काळ्या मातीत, जोंधळ्यात.
आम्ही खानापूरच्या अलीकडचे, भात खाणारे,
कानडी आम्हाला एसटीच्या पाटीपुरती.

मलप्रभेवर धुणं घेऊन जायची तेव्हा ती गायची.
चाल अशी, की धोपाटणं आपोआप उड्या मारायचं,
साबणाचा फेस उडून नाकावर बसायचा,
आणि प्रत्येक कडव्याशेवटी तीच ओळ, गिरकी घेऊन:
तवरिगि हेळब्याड, तवरिगि हेळब्याड.

आम्हा पोरांना त्यातला तवा तेवढा कळला.
म्हणजे भाकरीचं गाणं. ठरलंच.
ती सुरू झाली की आम्ही काठावर रांगेनं बसून
ओल्या वाळूच्या भाकऱ्या थापायचो,
दोन्ही तळव्यांनी, तालात.
मष्णूची नेहमी फुटायची.
काकू हसायची, लय आणखी वाढवायची.
घाटावरच्या बायका म्हणायच्या,
'काय आनंदी सून गे तुझी, भागू!'
आणि भागूआज्जी पदर सारखा करत म्हणायची,
'आमच्यात तिला काय कमी?'

पुढं मी बेंजो शिकलो.
लग्नसराई संपली की कोर्टासमोर टाइपरायटर.
बटणं दोन्हीकडं सारखीच,
एकीकडं दाबलं की सूर उठतो, एकीकडं अक्षर.
कानडी टायपिंगची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली.
अक्षरं बोटांना यायची, अर्थ मागनं चालत यायचे.

एका मंगळवारी पारिशवाडची एक बाई आली,
डोक्यावरचा पदर खाली न येऊ देता बसली.
वकिलाचा निंगाप्पा तिचा अर्ज सांगत होता, मी बडवत होतो,
आणि मध्येच शब्द आला, तवरु मने.
बोटं थांबली.
'तवरु म्हणजे?'
'माहेर की बे. इतकी वर्षं काय टाइप करूलालास?'

माहेरी सांगू नको.
माहेरी सांगू नको.

अर्ज अर्धा, कागद रोलरला तसाच,
आणि घाटावरची कडवी एकेक करून
मराठीत येऊन उभी राहिली:
नदीबाई, तू खालच्या अंगाला चाललीस,
माझ्या गावावरून जाशील.
आई घागर बुडवील,
तिला म्हण, हातावरचा डाग चुलीचा आहे.
भाऊ बैल धुवायला उतरेल, खोदून विचारील,
त्याला म्हण, गात होती.
एवढंच म्हण, गात होती.

पारिशवाडच्या बाईनं विचारलं, 'झालं काय, अण्णा?'
मी म्हटलं, रिबन अडकली.

काकूला जाऊन अकरा वर्षं झाली.
आमच्या भागातल्या वरातीत ते अजून मागतात,
'तव्याचं वाजव बे, तव्याचं!'
मष्णू आता लॉरी चालवतो, पोट सुटलंय,
तरी पुढं येऊन हवेत भाकऱ्या थापतो,
त्याच्या मागं अख्खी गल्ली.
एकदा मी मुद्दाम संथ वाजवून बघितलं,
जसं ते असायला हवं होतं असं मला वाटलं, तसं.
पाय थांबले. नवऱ्याचा मामा ओरडला,
'बॅटरी उतरली काय रे?'

मग कळलं, ती चाल चुकून तशी नव्हती.
हळू म्हटलं असतं
तर कुणीतरी धुणं खाली ठेवून ऐकलं असतं.
मी लय वाढवली. लोक सुटले.

एक गोष्ट त्या वेळी खेळातली वाटली होती.
निघताना ती आमच्यातली न फुटलेली एक भाकरी उचलायची,
वडाच्या पानावर ठेवून पाण्यात सोडायची.
पान चार हात जायचं, वाळू सुटायची,
पाणी तेवढ्यापुरतं गढूळ.
ती बघत राहायची, भिजलेलं लुगडं खांद्यावर.
गाणं मात्र थांबवायची नाही.