दुसरा हात

लक्ष्मीपुरीत एका गोडाउनच्या तोंडाशी
उलटं पडलेलं होतं ते, चारी पाय वर,
अंघोळ नको म्हणून निषाद पडतो तसं.
फाउंड्रीच्या ऑफिसातलं टेबल. हिरवा ऑइलपेंट,
तीन ड्रॉवर, चौथ्याची नुसती खोबण.
मुजावर पंधराशे म्हणाले, मी नऊशे.
अकराशेवर आम्ही दोघंही नाराज झालो
आणि टेबल टेम्पोत चढलं.

फुलेवाडी. दोन जिने. गच्ची.
दुपारी निषाद झोपतो तेव्हा चाळीस मिनिटं मिळतात,
कधी पंचवीस.
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून बसते.
हिरव्याखाली निळा निघाला,
निळ्याखाली आणखी एक, धड गुलाबी नाही धड विटकरी.
कुणीतरी दिवाळीला यालाही नवे कपडे करत होतं.
निषाद उठेपर्यंत
तळहाताएवढं सागवान मोकळं होतं.

इरू येते, बूट एकाच पायात.
"आई, मी आलो."
मी खानदेशातली. पहिल्या वर्षी दुरुस्त करायचे,
आलो नाही गं, आले.
ती म्हणायची, आमच्या बाई पण आलोच म्हणतात.
खरंच म्हणतात.

दस्तगीरमामा टाकीतलं पाणी बघायला वर येतात
आणि पाणी न बघता माझा हात बघत उभे राहतात.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडी पॅटर्न केले त्यांनी.
"लाकूड ज्या अंगानं वाढलंय त्याच अंगानं घासायचं, ताई.
आडवं घासलंसा की ओरखडा."
मला तर काहीच दिसत नव्हतं.
"आत्ता न्हाई दिसायचा. पॉलिश चढलं की वर येतोय."

मंगळवारी रात्री इरूनं दुधाचा पेला
माझ्या डोळ्यात बघत
हळूच, एका बोटानं, ओट्यावरून ढकलला.
नवरा सेकंड शिफ्टला, निषादला ताप,
लाईट नुकती आलेली.
मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
ती रडलीही नाही. फडकं घेऊन आली
आणि पुसायला लागली, कडेकडून मध्ये,
मी पुसते तशी.
झोपल्यावर तिच्या कपाळावरचे केस मागे सारले,
मोबाइलच्या उजेडात बघत राहिले.
आत्ता न्हाई दिसायचा.

शनिवारी चपडा स्पिरिटमध्ये भिजवून पहिला हात दिला.
वास जिन्यानं खाली उतरला.
खालच्या शिर्केवहिनींनी खिडकी आपटली,
मला ऐकू येईल अशी.
रविवारी दुसरा हात.
दोघांना समोर बसवून सांगितलं,
वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही.
"किती वेळ?"
"दोन कार्टून."
"तीन?"
"बरं, तीन."

संध्याकाळी वर गेले.
उतरत्या उन्हात सागाच्या रेषा उठल्या होत्या,
पंचगंगेचा पूर ओसरल्यावर गाळावर उरतात तशा.
आणि मधोमध, पॉलिशात रुतून बसलेला
भडंगाचा एक दाणा,
शेजारी शेंगदाण्याचं साल.
डाव्या कोपऱ्यात दोन आडवे ओरखडे.
ते माझे. पहिल्या आठवड्यातले,
मामांनी काही सांगायच्या आधीचे.

भडंगावर मामांकडे इलाज होता:
खरवडा, हलका पेपर मारा, तिसरा हात द्या.
"आणि हे?"
त्यांनी अंगठा फिरवला कोपऱ्यावरून.
"याला सगळंच उतरवायला लागंल.
राहू द्या. वापरातलं टेबल हाय."

इरूनंही बोट फिरवलं, मामांसारखंच.
"हे मी केलं?"
"नाही गं. मी."
ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग कोपऱ्यावर फुंकर घातली, गुडघ्यावर घालतात तशी,
आणि जिना उतरून गेली. बूट वरच राहिला.

चौथ्या ड्रॉवरच्या खोबणीत निषाद मावतो
हे त्यानंतर कळलं.
आत जाता येतं. बाहेर येता येत नाही.
टेबलाच्या पोटातून त्याचा आवाज येत होता
आणि मी, हातात चपड्याचा बोळा घेऊन,
"आलो," म्हणाले, "आलो, आलो."