हयातीचा दाखला

जिंतूरच्या तहसीलसमोर, लिंबाखाली
माझं झेरॉक्सचं खोपटं.
पानाला दोन रुपये,
अर्ज लिहून पाहिजे तर वर दहा.

नोव्हेंबर म्हणजे आमची सुगी.
पेन्शनवाले येतात
जिवंत असल्याचा कागद न्यायला.
मी छापते: वरील इसम माझ्यासमोर हजर, आज रोजी हयात.
सही साहेबांची, शाई माझी.

त्या दिवशी प्रयागबाई बसल्या होत्या बाकड्यावर.
नवरा झेडपीच्या शाळेत शिपाई होता.
उभा जन्म राखेनं भांडी घासून
अंगठ्यावरच्या रेषाच गेलेल्या;
बँकेतलं यंत्र तीनदा म्हणालं,
ही बाई ती बाई नव्हं.
"तू कागुद काढ माय,
कागदाला तरी मी दिसते का बघू."

बटन दाबलं.
प्रिंटरनं घसा खाकरला,
दोन लाल दिवे लावले आळीपाळीनं,
आणि पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी:
आतल्या एका भागाचं आयुष्य संपलेलं आहे.

शाई रात्रीच भरलेली.
कागद कोरडा, सरळ.
सकाळपासून एकेचाळीस माणसं जिवंत केली होती त्यानं,
एकदाही न अडखळता.
मग मेलं काय?

मोईज मिस्त्री आला, कानावर टेस्टर, गालात पान.
"बनी तो बनी," म्हणाला, "नहीं तो परभणी."
पाठ खोलली.
आत एक पांढरी गादी, सांडलेली शाई पिणारी.
अर्धीसुद्धा भिजली नव्हती.
"मशीन अच्छी है भाभी. खाली अंदर गिनती बैठेली है.
इत्ते पन्ने हुए, के बोलती मैं मर गई."
गिनती कुणी बसवली?
त्यानं टेस्टर वर केला, आभाळाकडे नाही,
खोक्यावरच्या कंपनीच्या नावाकडे.

पाचवीच्या रात्री सटवाई येते,
कपाळावर लिहून जाते, कुणाला वाचता येत नाही.
तिला मी कधी जाब विचारला नाही,
तिनं माझ्याकडून साडेतेरा हजार घेतले नव्हते.

फोन लावला.
आधी वाजंत्री, मग एक पोरगी, आवाज साखरेचा:
मॅडम, तो पार्ट वेगळा येत नाही.
नवीन घ्या, जुन्याचे अकराशे धरू.
"पार्ट? अगं गादी आहे ती.
आमच्या गल्लीतला पिंजारी दिवसाला दहा भरतो."
मॅडम, त्याची लाइफ संपली.
"मग खोक्यावर का नाही लिहिलं?
तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवर तारीख असते.
खोकल्याच्या बाटलीवर असते.
तुमच्या खोक्यावर नुसतं हसरं कुटुंब."
पुन्हा वाजंत्री.

मोईजनं गादी उन्हात ठेवली, पत्र्यावर.
वायर जोडली, लॅपटॉपवर काहीतरी दाबलं,
गिनती शून्य.
शंभर रुपये घेतले, पन्नास परत दिले,
"केस करती तो चाय का खर्चा रख लो."

प्रिंटर उठला.
पहिला कागद प्रयागबाईंचा.
दोन्ही हातांनी धरला त्यांनी, गरम होता,
वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत पाहिला.

मग मी माझा अर्ज लिहायला बसले.
बारा वर्षं लोकांचे लिहिले,
स्वतःचा पहिलाच, मायना सुचेना.
प्रति, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, परभणी.
मोईज हसला: "मैं बोल्या था ना."
विषय: चालू यंत्राला मेलेलं म्हटल्याबद्दल.
तो खोडला. नीट लिहिला.
मग खोडलेलाच परत घातला.

प्रयागबाई म्हणाल्या, साक्षीला माझा अंगठा घे.
उमटला तो असा:
रेषा नाहीत, नुसता काळा गोल,
ओला.

तीन प्रती काढल्या.
सकाळी सातची परभणी गाडी.
आत, अंधारात, तो पुन्हा मोजतोय:
चार.