मधली पिन

ओहोटी लागली की किनाऱ्यावर जागा व्हायची.
होडी टेकूंवर उभी, पोट उघडं टाकून,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर निघायची:
कोंबड्यांच्या खुराड्यावरून,
बटाट्याच्या वाफ्यातून,
शिंपल्यांच्या ढिगाला वळसा घालून
थेट रोसामेलकाकाच्या विजेच्या रंध्यापर्यंत.
साठ पावलं. मी मोजली होती.
मध्ये दोन जोड, काळ्या टेपचे,
त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला,
कारण चिलोएत पाऊस विचारून येत नाही.

प्लगला तीन पिना होत्या, एका ओळीत.
आमच्या जुन्या सॉकेटला भोकं दोनच.
काकानं पक्कड घेतली आणि मधलीची मान मोडली.
"दोघी राबतात," म्हणाला,
"ही नुसती मध्ये उभी."

ओल्या दिवशी रंध्याची मूठ चावायची थोडी.
मुंग्या येतात, काका म्हणायचा,
म्हातारं यंत्र, अंगात येतं त्याच्या.
कुत्र्यानं होडीखाली झोपणं सोडलं.
कुत्र्याला कोण विचारतो?
एकदा रिळावर गुंडाळलेली उरलेली वायर
एर्सीराकाकूनं उचलली आणि थबकली:
"ही फुगायला ठेवलेल्या पिठासारखी
ऊबदार का लागते?"
काका हसला. मीही हसलो, तो हसला म्हणून.

ऑगस्टमधला गुरुवार. कडक थंडी.
सायप्रसची शेवटची फळी राहिली होती.
भरती लवकर आली, की आम्हीच उशीर केला,
पाणी शिंपल्यांपर्यंत आलं,
मग पिशवीतल्या जोडापर्यंत.
मी पाहिलं. बोललो नाही.
हे आज पहिल्यांदा लिहितोय.

लोकांना वाटतं माणूस ओरडतो, हात झटकतो.
काका ओरडला नाही.
त्याची मूठ मिटत गेली, त्याला न विचारता.
त्यानं रंधा धरला नव्हता,
रंध्यानं त्याला धरलं होतं.

मी धावलो, आणि खिडकीतून आवाज आला:
"हात लावू नकोस त्याला!"
काकू पीठ मळत होती. यंत्राचा सूर बदललेला
तिलाच आधी ऐकू आला.
तिनं हात ॲप्रनला पुसले. नीट. दोन्ही बाजूंनी.
मला वाटलं, आत्ता? हात पुसायची ही वेळ?
मग कोरड्या बोटांनी तिनं प्लग ओढला.

काका वाळूत बसला.
एक लाट त्याच्या मांडीवरून जाऊन आली.
"रेडिओ का बंद झाला?" एवढंच विचारलं त्यानं.

कास्त्रोहून बाल्दुइनो वायरमन आला,
खांद्यावर तांब्याची सळई.
उत्तरेच्या वाळवंटातलं तांबं ते,
आमच्या चिखलात ठोकलं, वाफ्याच्या कडेला.
पहिले दोन घाव काकानं घातले, डाव्या हातानं,
उजवा पट्टीत होता. उरलेले मी.
"वीज वाईट नसते," बाल्दुइनो म्हणाला,
"तिला जमिनीत जायची घाई असते.
तू ओला, पायाखाली समुद्र,
तुझ्याहून सोपी वाट होती कुठे?
आता ही हिरवी वायर आहे."
"म्हणजे ही पिन दिवसभर करणार काय?"
"काही नाही. वर्षभर काही नाही.
म्हणून तर कापतात."

आता वायर जाड, नारिंगी, बिनजोड,
कपड्यांच्या दोरीच्या काठ्यांवरून डोक्यावरून जाते.
रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायचं,
काम दहा पावलांवर असलं तरी.
पाणी ढिगाला लागलं की हत्यारं वर.
फळी राहिली तर राहिली.
कुत्रा अजून लांबच झोपतो.

सॉकेटच्या वर नवी पेटी आहे, तिला छोटं बटण.
महिन्याच्या एक तारखेला काकू हात पुसते
आणि ते दाबते.
खट्.
दिवा जातो, रेडिओवरचा माणूस शब्दात अडकतो,
काका घास तोंडाशी धरून थांबतो.
त्या अंधारात कुणी काही बोलत नाही.
मग ती खटका वर करते
आणि परत पीठ मळायला लागते.