शेपटीकडून आत

मियागाओच्या किनाऱ्यावर पहाटे साडेचारला
जाळं झटकलं तेव्हा कोळंबीखालच्या गाळात
ती होती.
पेर्पेतुआनं दोन बोटांनी उचलली,
म्हणाली, "मान-ओग", म्हणजे साप,
आणि टाकली बदकांच्या टोपलीत,
जिथं न विकणारं सगळं जातं.

बदकं त्या दिवशी उशिरा उठली.
एवढंच.

देलिया मागबानुआ दर मंगळवारी येते,
गुडघ्यापर्यंत बूट, खिशात चिमटा,
लोकांनी फेकलेलं चिवडते.
चिवडता चिवडता थांबली.
"ही किती खोलातून आली?"
"मला काय ठाऊक? माझ्याकडं जाळ्यातून आली."

आधी रंग लिहून घे, ती हिलारियोला म्हणाली,
फॉर्मलिन सगळ्यात आधी रंग खातं.
हिलारियोनं लिहिलं: पाठ ओल्या पुठ्ठ्यासारखी,
पोट कापलेल्या पेरूचं,
डोळ्याभोवती पितळी कड.
छातीशी पंख नाहीत.
नाकपुड्या वरच्या ओठावरून खाली लोंबणाऱ्या,
दोन बारीक नळ्या, सर्दी झाल्यागत.
आणि शेपटीचं टोक
टणक, बोथट, पंखाविना:
सुई नव्हे, पहार.

मणके मोजायचे होते, आणि विद्यापीठाचं यंत्र
गेल्या वादळापासून बंद.
मग ती वाम गेली गावच्या इस्पितळात,
ओल्या फडक्यात, जेवणाच्या डब्यातून,
मनगट मोडलेल्या एका पोराच्या मागं रांगेत.
खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं:
पेशंटचं नाव?
अजून नाही.
वय?
माहीत नाही.
तक्रार?
देलियानं डब्याकडं पाहिलं.
काही नाही, म्हणाली.
त्यानं तसंच लिहिलं.

फिल्म उजेडाला धरून हिलारियोनं मोजले:
एकशे सदतीस.
पुन्हा मोज.
एकशे अडतीस.
रात्री अकराला, टाचणीनं एकेक मणका टोचत,
एकशे अडतीसच. पण ओठ अजून हलत होते त्याचे,
झोपेतसुद्धा.

वाम. आपल्याकडं हाच शब्द डाव्यालाही लागतो,
उलट्यालाही.
आणि ही खरंच उलटी जाते:
शेपटी रेतीत रोवते, पिळा देते,
कंबर, मग पोट, मग कल्ले,
तोंड मात्र शेवटपर्यंत बाहेर,
तुमच्याकडंच बघत.

देलियानं हे पेर्पेतुआला सांगितलं
तेव्हा ती बदकांना दाणे टाकत होती.
"तुझं नाव देते हिला," देलिया म्हणाली,
"पुस्तकात राहील."
पेर्पेतुआनं टोपली उपडी केली, बुडाला थाप मारली.
"नको बाई.
क्रिसांतो असाच गेला बोटीवर.
धक्क्यावरून मागं मागं चालत,
हात हलवत, तोंड इकडं.
मला वाटत होतं, तो अजून इथंच आहे.
असल्या जनावराला माझं नाव नको."

बरणी दाखवायला बोलावलं तेव्हा आली मात्र.
चपला दाराशी काढल्या.
आत दोरीसारखं काहीतरी, पांढरं,
चिठ्ठीवर पेन्सिलीची अक्षरं,
कारण शाई दारूत सुटते.
"रंग कुठं गेला?"
हिलारियोनं वही वाचून दाखवली, पुठ्ठा, पेरू.
"पेरू नव्हे," ती म्हणाली.
"ओहोटी लागल्यावर रेतीवर
पाण्याचा शेवटचा पातळ थर राहतो बघ,
पाय ठेवायच्या आधीचा.
तो लिही."

तसं लिहिता येत नाही.
छापून आलं: फिकट तपकिरी, पोटाकडं गुलाबीसर.
नाव लॅटिनमध्ये, अर्थ एवढाच: मागं सरणारी.
पेर्पेतुआ कुठंच नाही,
फक्त एका ओळीत: स्थानिक बाजार, टाकाऊ मासळी.

पण हिलारियोच्या वहीत, समासात,
आडवं लिहिलेलं एक वाक्य आहे ओहोटीबद्दल.

आणि इस्पितळाच्या रजिस्टरात अजून,
मनगटवाल्या पोरानंतर,
खोकणाऱ्या एका म्हातारीच्या आधी:
नाव, रेघ. वय, रेघ.
तक्रार: काही नाही.