आस

खारघरला तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेदहा.
अकरा लाख चाळीस हजार पेशी
माझ्या यंत्रात मावत नाहीत.
चौसष्ट जीबी मेमरी, पडद्यावर एकच ओळ:
जागा संपली.
मग पंख्याचा आवाज उतरतो,
जसं काही काम त्यानंच केलं.

पहिलं साधन पाच वर्षं हाताखालचं.
त्याचे हट्ट मला पाठ,
कुठल्या आवृत्तीनंतर कुठली आज्ञा रुसली तेसुद्धा.
पण त्याला सगळं जेवण एकदम पानात लागतं.
दुसरं डिस्कवरून घासाघासानं उचलतं,
चाळीस मिनिटांत रंगीत ठिपक्यांचा नकाशा काढून देतं,
मधे काही विचारत नाही.
तांडेल म्हणतो, अजून काय पाहिजे तुला?
तिसऱ्याला ग्राफिक कार्ड हवं.
त्याचं कोटेशन लोबो सरांच्या टेबलावर
गणपतीच्या आधीपासून पाण्याच्या बाटलीखाली.

मी तक्ता केला.
वेग, मेमरी, शिकायला किती दिवस,
आणि शेवटचा रकाना: बिघडलं तर रात्री कोणाला उठवायचं.
तिघांसमोर माझंच नाव आलं.

शुक्रवारी दुसरंच चालवलं.
तेवीस बेटं. टी-पेशी निळ्या,
गाठीच्या पेशी विटकरी, कडेला एक पिवळी शेपटी.
देखणं होतं. भिंतीवर लावावं असं.
अश्मिरा नवीन आहे, ती नावं मोजत बसते.
म्हणाली, मॅडम, सतरा नंबर कुठंय?

सतरा नंबर: वय बावन्न, गालाच्या आतली गाठ.
बर्फाचा डबा तळोज्याच्या सिग्नलला
सव्वा तास कंटेनरांच्या मागे उभा होता.
नऊ हजार पेशी आल्या होत्या.
उरल्या एक्केचाळीस.
दोनशेहून कमी जनुकं दिसली की पेशी बाद.
हा आकडा मी दिला नव्हता,
आधीच आत लिहिलेला होता.
ज्यानं लिहिला त्यानं आपल्या गावचा बर्फ धरला असणार,
तळोजा त्याला कशाला माहीत असेल?

रविवारी दिवाळ्याला गेले.
बाबा ओट्यावर जाळं सांधत होते,
दोन बोटं घालून आस मोजत.
मी विचारलं, केवढा आस बरा?
मान वर न करता म्हणाले,
कुटं टाकाचं हाय, ते सांग आदी.
आईनं वाकट्या पुढ्यात सरकवल्या, म्हणाली, साफ कर.

सोमवारपासून पुन्हा पहिलंच.
एकेक रुग्ण वेगळा कापून, वेगळा आकडा देऊन.
तीन रात्री.
सतराला नव्वदवर धरलं
तेव्हा दोन हजार दोनशे वर आल्या.
त्यात पेशी किती,
आणि फुटलेल्यांचं नुसतं पाणी किती,
मला अजून सांगता येत नाही.
तांडेलला तर दोन्ही सारखंच वाटतं.
सगळे चाळून झाले की जोडायला दुसरं घेईन,
तिथं ते खरंच चांगलं आहे.

तक्त्यात एक रकाना वाढवलाय:
न विचारता काय टाकून देतं.
अश्मिरा भरतेय, पेन्सिलनं.
तिसऱ्यासमोर तिनं प्रश्नचिन्ह काढलंय.
कोटेशनवर बाटलीचं गोल वर्तुळ उमटलंय,
नेमकं किमतीवर.