तीन तास चाळीस मिनिटं

बाल्टिमोरच्या पोलीस मुख्यालयात, सहाव्या मजल्यावर
मी आकडे भरते. एकोणीस वर्षं झाली.
खिडकीतून बंदर दिसतं म्हणे.
मला दिसते समोरच्या पार्किंगची भिंत
आणि या महिन्यात तिच्यावर दोन फलक,
शेजारी शेजारी, दोन्ही हसरे.

एकावर : गुन्हे सतरा टक्क्यांनी खाली.
दुसऱ्यावर : तुम्हाला सुरक्षित वाटतं का?

पहिला आकडा माझा आहे.
दुसऱ्याला आकडा लागत नाही.

महापौरांच्या कचेरीतून एक मुलगा येतो, कॅल्डर नावाचा,
कोवळा, नव्या बुटांचा.
विचारतो, हे प्राथमिक की अंतिम?
त्याच दुपारी फोन दुसऱ्या गोटातून :
गाडी पळवणं तुम्ही नक्की कशात धरता?
मी सांगते. चाकू दाखवला तर या रकान्यात,
नुसती काच फोडली तर त्या,
आणि घाबरून कोणी सांगितलंच नाही
तर कुठेच नाही.

क्विन्टन प्रुइट बर्फ आणायला गेला होता.
एकतीस डिसेंबर, रात्रीचे अकरा बावन्न.
गल्लीत पोरं आधीच फटाके लावत होती,
त्यात दोन आवाज वेगळे होते
हे कळायलाच वेळ गेला.
पिशवी फाटून बर्फ पायरीवर सांडला.
संगमरवराच्या त्या तीन पायऱ्या
त्याची आजी दर शनिवारी गुडघ्यांवर बसून घासते.
तो गेला इस्पितळात, पहाटे तीन चाळीसला.

त्या वर्षीचा आकडा एका गोल संख्येच्या
अगदी उंबरठ्यावर थांबला होता.
एक पाऊल, की मथळा बदलला असता.
नियम सांगतो, मृत्यूची तारीख धरावी.
मी नियम धरला.
कोणी मला काही सांगितलं नव्हतं, हे खरं.
कॅल्डरने मात्र त्या दिवशी डोनटचा खोका आणून ठेवला,
हेही खरंच.

वसंतात विरोधकाने भाषणात त्याला बाहेर काढला.
लपवलेला मुलगा, म्हणाला. नाव चुकीचं उच्चारलं.
टाळ्या पडल्या.

मग तिचा फोन आला. ओडेसा प्रुइट.
चढा आवाज नाही, रडणंही नाही,
जणू विजेच्या बिलाची चौकशी.
"माझ्या नातवाला कोणत्या वर्षात घातलंय?"
"जानेवारीत, मॅडम. या वर्षीच्या."
थोडा वेळ मागे कुठेतरी नळ वाहत राहिला.
"म्हणजे नव्या वर्षात तो
तीन तास चाळीस मिनिटं जगला.
लिही ना तेवढं."

मी स्क्रीनवर खाली गेले, वर आले.
वय आहे, वंश आहे, हत्यार आहे, चौक आहे.
त्याला जागा नव्हती.
"लिहिते," म्हणाले.

मतदानाला शाळेच्या जिममध्ये रांग होती.
उकाडा, बास्केटबॉलच्या रेषांवर मांडलेली टेबलं,
पुढच्या बाईच्या हातात अर्ध्या लिंबात खोचलेली
पेपरमिंटची कांडी, चोखून चोखून पांढरी झालेली.
माझ्या टेबलावर बिल्ला लावून बसलेली म्हातारी,
गुडघ्याला पट्टा. बिल्ल्यावरचं नाव मी वाचलं
आणि रांग बदलावीशी वाटली.

"आडनाव?"
"प्रायर," शक्य तितक्या हळू.
तिने पहिली अक्षरं दाबली,
पत्ता ताडून बघायला पडदा माझ्याकडे वळवला.
बोट खाली सरकू लागलं :
प्रुइट, ओडेसा.
प्रुइट, क्विन्टन.
मेलेल्यांची नावं गाळायला इथे वेळ लागतो,
ते खातं वेगळं.

बोट थांबलं.
मागे कोणीतरी खोकलं.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.

मग एक ओळ खाली येऊन
"आहेस तू यादीत," ती म्हणाली,
आणि माझ्या आवाजाकडे बघावं
तसं बघत राहिली.